नरम तेल

महाड, ता. २ ऑक्टोबर १९३४

दादास मैनाचा नमस्कार.

इकडे सगळी बरी आहेत हे आधीच लिहून टाकते. नाहीतर माझे पत्र हातात पडले की तू म्हणणार, आता हिने काय शोधून काढले.

काल कुडपणहून परत आले. पितृपक्ष म्हणून आबांचे पान ठेवायला आईकडे गेले होते. पोलादपूरला मोटारीतून उतरून चढण धरली आणि दादा, तुझी फार आठवण झाली. माळावर सोनकी फुलली आहे. आबा पुढे पलटणीतल्या हवालदारासारखे पाऊल टाकीत चालायचे, तू मागून तीच नक्कल करायचास, आणि आबा मागे वळून बघतील म्हणून माझाच जीव वर-खाली व्हायचा. ते कधी वळले नाहीत. आता वाटते, त्यांना ठाऊक असावे.

घरात कोनाड्याशी ते जुने सूप अजून आहे. त्यात राख पसरून आबांनी आपल्याला अक्षरे शिकवली. तुझे अक्षर मोठे यायचे, राख सुपाबाहेर सांडायची आणि आईची बोलणी मात्र दोघांना बसायची. वाचता येऊ लागल्यावर आबा माझ्याकडून सगळे वाचून घ्यायचे. काडेपेटी, औषधाची बाटली, खताची गोणी. "नुसतं बघू नको, वाच," म्हणायचे. तीच खोड मला जडली आणि तुम्ही सगळे मला फौजदारीण म्हणू लागलात.

तर फौजदारीणबाईंची चौकशी अशी. गणपतीत तू आईला मुंबईहून फिरवून बसवायच्या झाकणाचा डबा आणलास. पावसाळ्यात मीठ-गूळ कोरडे राहील म्हणून आई खूश आहे. पण त्याच्या तळाशी जे तेल आहे ते ती ओतून टाकीत नाही. जेवणे झाल्यावर ओटीवर पाय पसरून बसली आणि टाचांना ते चोळू लागली. मी विचारले, "आई, हे कसलं तेल?"

"सादेवानं आनलंय," आई म्हणाली. "मोटारीचा रंग फुटू नये म्हनून त्यात घालतात. यवढा लोखंडावरचा रंग फुटत नाय, तर माझ्या टाचा कशा फुटतील गो?"

ठकूबाई शेजारून आली होती, ती हसत सुटली. मीही हसले. पण नंतर डबा उजेडात नेऊन पाहिला. तेल घट्ट, पाण्यासारखे स्वच्छ, वास जवळजवळ नाहीच. एक थेंब जमिनीवर पडला होता, त्याला मुंगी लागली नव्हती. डब्यावरचा कागद अर्धा फाटला आहे आणि उरला आहे तो इंग्रजीत. आबांनाच इंग्रजी येत नव्हते, तर मला कुठून येणार?

दादा, हे तेल कशाचे आहे? अंगाला लावायचे आहे का? कारखान्यात कुणाला तरी विचार आणि मला लिही. आईच्या टाचा बऱ्या व्हाव्यात असे मलाही वाटते. चिखलणीनंतर तिला जमिनीवर टाच टेकवत नाही, हे मी लहानपणापासून पाहते आहे. पण विचारून लिही.

तुझी मैना


मुंबई, माझगाव, ता. १४ ऑक्टोबर १९३४

मैने,

तुझं पत्र आलं तेव्हा गाळ्यावर आम्ही एकत्र राहणारे सगळे कामगार जेवायला बसलो होतो. भिकू म्हणाला, "कुनाचं रं?" म्हटलं, "फौजदारीणबाईंचं." तर म्हणतो, "मग पैलं हात धू आनि मंग उघड!" सगळी पंगत हसली. तुला इथे सगळे ओळखतात.

आता तुझ्या चौकशीचं उत्तर. आमच्या कारखान्यात मोटारींना रंग देतात हे तुला ठाऊक आहे. तो रंग आपल्या भिंतीच्या रंगासारखा नाही. म्हणे कापसापासून करतात. पाण्यासारखा पातळ असतो, पिचकारीने उडवायचा, आणि वाळला की त्यात तोंड दिसतं. पण नुसताच दिला तर तो काचेसारखा होतो. मोटार खड्ड्यात आदळली की तडे. म्हणून त्यात हे तेल मिसळतात. ते उडून जात नाही, वाळत नाही. रंगाच्या पोटात शिरून बसतं आणि त्याला लवता ठेवतं. नाव लांबलचक आहे, ट्रायक्रेसिल फॉस्फेट. आम्ही म्हणतो नरम तेल. मिसळायचं काम माझंच आहे. डब्यात खाली उरलेलं टाकून द्यायचं होतं, म्हटलं आईच्या टाचांना होईल.

आणि बाधत असतं तर आधी मला नसतं का बाधलं? संध्याकाळी हाताचा रंग सुटत नाही. घासलेटने कातडी जळते. म्हणून आम्ही सगळे याच तेलाने हात चोळतो आणि पुसून टाकतो. माझे हात आता कारकुनासारखे मऊ झालेत. साहेब मात्र नवलाचा. रंगात उघडं बोट बुडवून बघतो, पण नरम तेलाच्या डब्याशी आला की रबराचे हातमोजे चढवतो. साहेबाचं काय सांगावं? तो आंबासुद्धा चमच्याने खातो.

तू वाटेचं लिहिलंस आणि मला दासगावचं बंदर आठवलं. मी पहिल्यांदा मुंबईला निघालो तो दिवस. आबा, आई, तू, सगळी बंदरावर. भरती यायची होती, मचवा चिखलात रुतलेला, आणि तू तेवढ्यात रडायला लागलीस की दादा बुडेल. तांडेल म्हणाला, "बाय, हितं बुडायला आधी पानी तर येऊ दे!" आबासुद्धा हसले होते. मग पाणी आलं, आणि मचवा वळणाआड गेल्यावर मीच रडलो. ते तुला कुणी सांगितलं नसेल.

दिवाळीत मी येणार नाही, काम फार आहे. शिमग्याला नक्की. पालखीला खांदा दिल्याशिवाय वर्ष गेल्यासारखं वाटत नाही. आईला म्हणावं, टाचा मऊ करून ठेव, मी आलो की नाचायचंय.

सहदेव


महाड, ता. २२ नोव्हेंबर १९३४

दादास,

उत्तराला उशीर झाला. सासूबाईंना ताप होता, मग भातकापणी, मग दिवाळी. भाऊबीजेला तू नव्हतास म्हणून मी आईकडे जाऊन चंद्राला ओवाळले. लहानपणी तू आजारी होतास तेव्हाही असेच केले होते. चंद्र ढगाआड गेला तर दादाला काही होईल या धास्तीने मी ताट घेऊन अंगणात किती वेळ उभी होते, आठवते?

आईच्या टाचा बऱ्या झाल्या. खरोखर बऱ्या झाल्या, दादा. मला पाय दाखवून म्हणाली, "बग, तान्ह्या पोराच्या टाचा!" मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण ठकूबाई करवंटी घेऊन आली आणि आईने तिला त्यात थोडे तेल दिले. मग कळले की पलीकडच्या रखमालाही दिले आहे. रखमाला मुलगा झाला. ती म्हणते, बारसे झाले की बाळाला याच तेलाने मालिश करणार, म्हणजे हाडे लवती राहतील. कुडपणात तुझ्या नावाचा जयजयकार चालला आहे.

मला झोप लागत नाही ती साहेबाच्या हातमोज्यांमुळे. आंब्याचे ठीक आहे. पण तूच लिहितोस की रंगात तो उघडे बोट बुडवतो. म्हणजे हात मळतील म्हणून तो मोजे घालत नाही. याच एका तेलाला तो का भितो?

आणखी एक. आईच्या पोटऱ्या दुखतात. वळतात म्हणते, पावलांना मुंग्या येतात. "कापणीत वाकून-वाकून झालंय," असे तिचे म्हणणे. असेलही. मी उगाच दोन गोष्टींची गाठ मारते आहे असे हे म्हणतात. पण कापणी तर ती दर वर्षी करते.

डब्यावरच्या फाटक्या कागदावर जी इंग्रजी अक्षरे उरली आहेत ती मी चित्रे काढावीत तशी उतरून काढली आहेत. सोबतचा कागद पाहा. वाकडी असतील, पण एकही सोडलेले नाही. कारखान्यातल्या कारकुनाकडून वाचून घे. साहेबाला विचारायची भीती वाटत असेल तर तसे लिही, मी रागावणार नाही. पण विचारल्याशिवाय विचारले असे लिहू नकोस.

मी आईला तेल लावू नको म्हटले तर म्हणाली, "तुझा बा गेला, पन त्याची तपासनी काय गेली नाय!" म्हणून तूच लिही. तुझे ती ऐकेल.

मैना


मुंबई, ता. ९ डिसेंबर १९३४

मैने,

कारकुनाला कागद दाखवला. तो म्हणाला, हे कुणी काढलं? म्हटलं, माझ्या बहिणीने. म्हणाला, इंग्रजी येतं तिला? म्हटलं, नाही. तर बघतच राहिला.

त्यात लिहिलंय ते असं. कातडीला लागू देऊ नये. खाण्यापिण्याच्या जिनसांजवळ ठेवू नये. रिकामा डबा दुसऱ्या कामाला घेऊ नये. पुढचं फाटलंय. आता असं काहीबाही सगळ्याच डब्यांवर लिहिलेलं असतं, घासलेटवरसुद्धा. तरी आईला म्हणावं, सहदेव सांगतो, काही दिवस तेल राहू दे. रखमालाही सांग. बाळाला नको.

मला आता बसून काम मिळालंय. झाकणं बसवायचं. बरं आहे. शिमग्याला येणं होईल असं दिसत नाही. पालखीला माझ्या जागी गावातल्या पांडूला घ्यायला सांग. आईला मात्र इतक्यात सांगू नकोस, तोंड पाडून बसेल.

हल्ली मला कुडपणची वाट फार आठवते. दुपारी डोळे मिटले की पोलादपूरपासून चालायला लागतो. ओढा, मग आंब्याचं मोठं झाड, मग ती घसरडी शिळा जिथे तू दर वेळी बसकण मारायचीस. एक वळण विसरलो तर पुन्हा खालपासून सुरुवात करतो. गंमत वाटते. तिथे होतो तेव्हा ही चढण कधी संपते असं व्हायचं.

अक्षर बरं नाही, घाईत आहे.

सहदेव


महाड, ता. २० डिसेंबर १९३४

दादास,

तुझे पत्र वाचले आणि दुसऱ्याच दिवशी वर गेले. त्याआधी इथल्या डॉक्टरांना भेटले. तेलाचे नाव तू लिहिले होतेस ते वाचून दाखवले. ते आधी हसत होते, मग हसायचे थांबले. म्हणाले, चार-पाच वर्षांपूर्वी अमेरिकेत एका औषधी दारूत असलेच काही मिसळले गेले आणि हजारो माणसांचे पाय लुळे पडले, असे त्यांनी वाचले आहे. लगेच काही होत नाही. आठवड्या-दोन आठवड्यांनी पोटऱ्या दुखतात, मुंग्या येतात आणि मग पाऊल उचलेनासे होते. तेव्हा माणसाला तेलाची आठवणही नसते. अंगाला लावूनही आत जाते का, विचारले. म्हणाले, "भेगांतून कशाला, धडधाकट कातडीतूनही जाईल. आणि त्याच हाताने जेवत असतील तर बोलायलाच नको."

पोलादपूरपासून वर मी कशी गेले मला आठवत नाही.

आई ओटीवर बसली होती. डॉक्टर म्हणाले ते सगळे सांगितले. तिने तेल दिले, पण रागाने. म्हणाली, "पोरगा मुंबैवरनं येक गोष्ट घेऊन आला नि त्यात पन तुला इख दिसलं!" ठकूबाईने करवंटी आणून दिली, ती अर्धी वापरलेली. मग मी रखमाकडे गेले. लांबलेले बारसे आदल्या दिवशीच झाले होते. बाळ पाटावर निजले होते आणि करवंटी शेजारी होती.

म्हटले, "रखमा, लावलंस का?"

"आता लावनार. पानी तापतंय."

"नको लावू. ते तेल दे मला."

"का गो? तुझ्या आयशीच्या टाचांना चालतं नि माझ्या पोराला नाय चालत?" ती म्हणाली. "सरळ सांग ना, संपत आलं म्हनून मागतेस. महाडवाल्यांना हवं असंल."

मी शपथा घातल्या, डॉक्टरांचे नाव घेतले. जितके बोलत गेले तितकी ती घट्ट होत गेली. करवंटी पदराखाली घेतली तिने. माझा आवाज ऐकून आई रखमाच्या दारात आली. ती मला बोलायलाच आली होती, मला माहीत आहे. म्हणाली, "मैने, पोरीला कशाला..." आणि उंबरठा ओलांडायला पाय उचलला. दादा, पाय उचलला पण पाऊल उचलले नाही. पुढचा चवडा खालीच लोंबत राहिला, उंबऱ्याला अडकला आणि आई समोर हातांवर पडली.

लागले नाही. पण आई उठेना. तशीच बसून आपल्या पावलाकडे बघत होती. हाताने ते वर उचलायची आणि सोडायची, की ते खाली पडायचे. मग रखमाने पदराखालची करवंटी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. आधी हात पुसले आणि मग बाळाला उचलले.

सगळे तेल त्याच डब्यात भरले, झाकण घट्ट केले, वर फडके बांधले. ओढ्यात ओतावे असे ठकूबाई म्हणत होती. पण ओढ्याचे पाणी गुरे पितात, तोच पुढे सावित्री नदीला मिळतो. चुलीत जाळू नका असे डॉक्टरांनी बजावले होते. करवंट्या मात्र पुरल्या, पाणवठ्यापासून लांब, हातभर खोल. डबा काठीला टांगून खाली आणला. डॉक्टर म्हणतात, जिथून आला तिथेच परत पाठवा. मी राखेने आणि शिकेकाईने हात धुतले, पुन्हा धुतले आणि मग वाटले, ते पाणी मी तुळशीजवळ तर टाकले नाही ना?

आईचे तेल बंद झाले. एकच पाऊल पुरते लोंबते, दुसरे थोडे. डॉक्टर म्हणतात, थोडक्यात थांबले तर बरे होण्याची आशा आहे, पण वेळ लागेल. रोज पावले हातांनी वर-खाली करायची, शेकायची.

आता मला एक विचारायचे आहे आणि तू थट्टेवारी नेऊ नकोस. तुला बसून काम का मिळाले? तू शिमगा सोडणारा माणूस नाहीस. तू वाट डोळे मिटून चालतोस असे लिहितोस. आईच्या पोटऱ्या टाचांना लावून दुखल्या, तू तर रोज हातांना चोळतोस.

दादा, तुझे पाय कसे आहेत?

मैना


मुंबई, इस्पितळातून, ता. २७ जानेवारी १९३५

मैने,

तुझं पत्र इथे उशिरा पोचलं. वाचून चार वेळा उत्तर लिहायला घेतलं आणि फाडलं.

दिवाळीनंतर सुरू झालं. आधी पोटऱ्या. मग एक दिवस कारखान्यात चालताना माझ्याच पावलांचा आवाज ऐकू यायला लागला, ओल्या फडक्यासारखा, फट् फट्. भिकू म्हणाला, "सादेवा, घोड्यावानी काय चालतोस?" दहा-बारा दिवसांत तोही तसाच चालायला लागला. दिवाळीच्या दिवशी गाळ्यावर गोडं तेल संपलं होतं. भिकूने नरम तेलात बोंबील तळले. आठ जण जेवलो. चवीला काही कळलंही नाही. हे मी तुला लिहिलं नव्हतं, कारण तू मोज्यांचं विचारलंस तेव्हा ते जेवण होऊन गेलेलं होतं, आणि माझ्या पोटऱ्या दुखत होत्या. मला वाटलं, मी कबूल केलं तर ते खरं होईल. आणि त्याच पत्रात आईच्या टाचा बऱ्या झाल्याचं तू लिहिलंस. मैने, मी आईला एवढ्या वर्षांत दिलेली कामाची अशी ती एकच वस्तू होती.

माझी दोन्ही पावलं घोट्यातून लटकतात. बोटं थोडी कमजोर आहेत, म्हणून अक्षर असं. डॉक्टर म्हणतात, काही परत येईल, सगळं येईलच असं सांगता येत नाही. भिकू शेजारच्या खाटेवर आहे. रोज सकाळी विचारतो, "सादेवा, पालखी कुठवर आली रं?" मग आम्ही दोघे तासभर शिमगा करतो. त्याच्या गावचा आणि आपल्या गावचा. ढोल तोंडाने वाजवतो तो. नर्सबाई रागावते.

साहेब बघायला आला होता. वाईट वाटलं त्याला, खोटं कशाला बोलू? पण म्हणाला, "डब्यावर लिहिलेलं होतं." भिकू म्हणाला, "साहेब, लिवलं व्हतं ते तुमच्यासाठी." मग मी म्हटलं, आमच्यासाठी मी लिहितो. त्याने कागद आणि शाई पाठवली. माझी बोटं नीट चालत नाहीत म्हणून अक्षरं मोठीच आली. तीच आता कारखान्यात प्रत्येक डब्यावर चिकटवली आहेत. तुला उतरून पाठवतो, चुकलं असेल तर सांग:

"हे तेल दिसते, पण तेल नव्हे. हात पुसायला, अंगाला, डोक्याला, दिव्याला, तळायला घेऊ नये. हातमोज्याशिवाय डबा उघडू नये. अंगावर सांडले तर तेव्हाच साबणाने धुवावे, कपडा बदलावा. हात धुतल्याशिवाय भाकरीला, विडीला हात लावू नये. याला वास नाही, चव नाही, लावल्यावर आग होत नाही, म्हणून बाधत नाही असे समजू नये. पाय जातात ते नंतर. रिकामा डबा घरी नेऊ नये, आईसाठी तर नाहीच."

साहेबाला वाचून दाखवलं तेव्हा शेवटचं कारकुनाने गाळलं. पण कागदावर आहे.

तो डबा मोटारवाल्या मुख्तारभाईंकडे दे, ते बोटीवर चढवून परत पाठवतील. वरच्या बाजूला काय आहे ते मराठीत लिहून बांध.

आईला माझं काहीएक सांगू नकोस. आणि मला घरी ये म्हणून लिहू नकोस. मी येईन तो माझ्या पायांनी कुडपण चढून येईन. डोलीत बसून नाही. नवरीला नेतात तसं चार माणसांच्या खांद्यावर मला त्या वाटेने जायचं नाही. त्या वाटेवर आबा चालायचे.

सहदेव


महाड, ता. १० मार्च १९३५

दादास,

तुझे म्हणणे मी मोडले आहे, हे पहिल्याच ओळीत सांगते.

तुझे पत्र घेऊन वर गेले. आईला काय वाचायचे आणि काय गाळायचे ते चढताना ठरवले होते. पण समोर बसल्यावर जमले नाही. तिचे नाव असलेले पत्र मी अर्धे कसे वाचू? सगळे वाचले. बोंबलांचे, फट् फट् चालण्याचे, डोलीचेही. तू लिहिलेला डब्यावरचा कागद वाचला तेव्हा तिने तो पुन्हा वाचायला सांगितला. शेवटच्या ओळीला तिने तोंडावर पदर घेतला. ठकूबाई येऊन गेली, चूल विझली.

मग आईने विचारले, "आता कसा हाय त्यो?"

म्हटले, "तसाच आहे. सावकाश बरा होईल म्हणतात."

"मंग हिकडं का नाय येत?"

"चढता येत नाही ना, आई. डोलीत बसायचं नाही म्हणतो."

आई बराच वेळ पावले वर-खाली करीत बसली. ती आता रोज करते, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. दादा, तिचे पाऊल उचलू लागले आहे. अजून थकली की घसटते, पण उंबऱ्याला अडकत नाही. मग म्हणाली, "त्याला वर चढता येत नाय ना? मला खाली उतरता येतंय."

मला वाटले, बोलायचे म्हणून बोलली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर घोंगडी गुंडाळून, काठी घेऊन ओटीवर बसलेली. रखमा बाळाला पाठीशी बांधून तयार. ती म्हणाली, "बोचकं मी घेते. तू फक्त आयशीच्या पुढं चाल, म्हनजे पडली तर तुझ्यावर पडंल." आम्ही निघालो. दादा, ती उतरण तुला माहीत आहे. आई शिळेशी बसली, आंब्याखाली बसली, ओढ्याशी बसली. दर वेळी मी म्हटले की परत जाऊ, आणि दर वेळी ती म्हणाली, "परत म्हनजे चढायचं हाय गो." पोलादपूरला पोचायला दिवस मावळला. मोटारीत ती पहिल्यांदाच बसली. सगळी वाट तिने दांडा धरून ठेवला होता आणि मला विचारीत होती, हिचा रंग सादेवाने दिला का?

आता ती माझ्याकडे आहे. सासूबाईंनी ओटीलगतची खोली तुम्हा दोघांसाठी मोकळी केली. एकही पायरी नाही. मी दोनदा बघितले. डॉक्टर घरापासून जवळ आहेत. शिमगा इथेच करू. इथली पालखी दारावरूनच जाते, बसल्या जागी दिसेल. भिकूला घर जवळ नसेल आणि तो यायला तयार असेल तर त्यालाही आण. ढोल त्याने तोंडाने वाजवला तरी चालेल असे आईचे म्हणणे आहे.

डबा पाठवला होता तो पोचल्याची चिठ्ठी आली. वर मी तुझाच मजकूर लिहून बांधला होता. शेवटची ओळ गाळली नाही.

तुला काय वाटेल याची मला अजून भीती आहे. तुझ्या आणि आबांच्या वाटेचे तू लिहिलेस ते मी विसरले नाही. पण ती तिथेच राहील. तुझे पाय येतील तेवढे येऊ देत, मग बघू. कोणत्या बोटीने निघतोस तेवढे कळव. आईने माझ्यामागे लागून मुख्तारभाईंना दासगावपर्यंत मोटार न्यायला सांगून टाकले आहे. त्यांनी विचारले, "बनुबाई, किती जागा धरू?" आई म्हणाली, "आमी कुठंपन बसू. फुडची तेवढी त्याला ठेवा, पाय लांब करून बसू दे."

मैना